पाचूच्या वेषातल्या पाच जणी

उथळ, उबदार समुद्रात खडकाला किंवा वाळूला धरून कॉलर्पा नावाचं हिरवंगार शेवाळ वाढतं. त्याच्या काही प्रकारांना टपोऱ्या गोळ्यांचे घोस येतात. ज्वारीच्या दाण्याएवढी कच्ची द्राक्षं कुणी एका देठाला दाटीनं लावावीत, तसे. ओकिनावात हे घोस 'उमिबुदो', म्हणजे समुद्री द्राक्षं, म्हणून कच्चेच खातात. फिलिपिन्समध्ये त्यांना 'लातो' म्हणतात. अशा एखाद्या घोसाकडे बराच वेळ टक लावून बघितलं, तर क्वचित त्यातला एक भाग हळूच पुढे सरकतो. तो घोस नसतोच. ती बिनशंखाची गोगलगाय असते. पाठीवर तशाच फुगीर, हिरव्या, अर्धपारदर्शक गोळ्या घेऊन ती त्याच शेवाळावर बसलेली असते आणि त्याचाच रस पीत असते.

या गोगलगायीला 1949 साली एक शास्त्रीय नाव मिळालं आणि ते एकच नाव 69 वर्षं चाललं. 2018 साली कळलं की त्या नावाखाली पाच वेगवेगळ्या जाती राहत होत्या. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, आणि शेवटी कसं आलं, ते मला इथे नीट मांडायचं आहे. कारण ज्या गुणामुळे ही गोगलगाय माशांच्या नजरेतून सुटते, त्याच गुणामुळे ती आपल्या नजरेतूनही सुटली, असं माझं ठाम मत झालं आहे.

नाव कसं पडलं

जपानी प्राणिशास्त्रज्ञ किकुतारो बाबा यांनी तिचं नाव ठेवलं स्टिलिजर स्मॅरॅग्डिनस. स्मॅरॅग्डिनस म्हणजे पाचूच्या रंगाचा. त्याच वर्षी बाबांचं सागामी उपसागरातल्या समुद्री गोगलगायींवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यातले नमुने जपानचे सम्राट हिरोहितो यांनी गोळा केलेले होते. सम्राटांना सागरी जीवांचा मनापासून नाद होता आणि सागामीच्या किनाऱ्यावर हायामा इथे त्यांचा राजवाडा असल्यामुळे तो उपसागर त्यांच्या अंगणातलाच होता. बाबांनी पुढेही आयुष्यभर याच प्राण्यांवर काम केलं.

नावाचा दुसरा अर्धा भाग बिनचूक होता. पहिल्या अर्ध्यात घोळ होता. स्टिलिजर ही प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी 1828 साली तांबड्या समुद्रातल्या एका प्राण्यावरून उभी केली होती. पाठीवर बोटांसारख्या किंवा फुग्यांसारख्या वाढी असलेली, शेवाळ खाणारी छोटी गोगलगाय दिसली की तिला स्टिलिजरमध्ये घालायचं, अशी रीत नंतर पडत गेली. घरात एखादी टोपली असते, तिच्यात जागा न सापडलेल्या सगळ्या वस्तू जातात. या नावाचं तसंच झालं. बाबांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांच्या हाती होतं भिंग, सूक्ष्मदर्शक आणि द्रावणात ठेवलेले नमुने. द्रावणात गेलेली समुद्री गोगलगाय काही दिवसांत रंग सोडते आणि आक्रसून मळकट गोळा होते. पाचूपण उरतं ते फक्त टिपणवहीत आणि चित्रात.

पुढे जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जिथे जिथे कॉलर्पावर अशी हिरव्या गोळ्यांची गोगलगाय सापडली, तिथे तिथे तिला हेच नाव लागलं. दिसायला तीच, राहायला तिथेच, खायला तेच. मग आणखी काय बघायचं?

वेष कुठून येतो

हे समजायला आधी कॉलर्पा समजायला हवं. त्याचं 'खोड', 'मुळं', 'पानं', द्राक्षं हे सगळं मिळून एकच पेशी असते. आत भिंती नाहीत, फक्त आधाराचे बारीक धागे आणि एकाच रसात तरंगणारी असंख्य केंद्रकं. अशी सलग पेशी हातभर, कधी त्याहूनही लांब पसरते. एवढ्या मोठ्या पेशीला एक छिद्र पडलं तरी सगळा रस वाहून जायचा, म्हणून जखम झाली की कॉलर्पा चटकन आतून बूच बसवतं. शिवाय त्याच्यात कॉलर्पेनाइन नावाचं रसायन असतं. ऊती फाटली की त्याचं आणखी उग्र संयुगांत रूपांतर होतं. बहुतेक मासे म्हणूनच कॉलर्पाच्या वाटेला जात नाहीत.

त्याच्या वाटेला जाते ती सॅकोग्लोसा गटातली गोगलगाय. या गटात आजवर सुमारे 300 जाती नोंदल्या गेल्या आहेत. साध्या गोगलगायीची जीभ किसणीसारखी असते, तिच्यावर दातांच्या रांगाच रांगा. सॅकोग्लोसांच्या प्रत्येक रांगेत मात्र एकच दात उरला आहे आणि एका वेळी कामाला एकच दात लागतो. तो दाभणासारखा पेशीच्या भिंतीत खुपसायचा आणि घशाच्या स्नायूंनी आतला रस ओढून घ्यायचा. दात झिजला की मागचा पुढे येतो. झिजलेला दात टाकून दिला जात नाही, तो जिभेखालच्या एका पिशवीत साठत जातो. या पिशवीवरूनच गटाचं नाव पडलं: सॅकोग्लोसा, पिशवी-जिभ्या. लहानपणापासूनचे सगळे दात तोंडात जपून ठेवणारा प्राणी मला तरी दुसरा ठाऊक नाही. आणि या दातांचा आकार शेवाळाप्रमाणे बदलतो, कारण प्रत्येक शेवाळाची भिंत वेगळ्या पदार्थाची असते. कॉलर्पाची झायलानची, क्लॅडोफोरासारख्यांची सेल्युलोजची. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

ओढलेला रस पोटात जातो आणि पोटाच्या फांद्या थेट पाठीवरच्या त्या फुगीर गोळ्यांमध्ये गेलेल्या असतात. गोळीची कातडी पारदर्शक आणि आतल्या नळीत शेवाळाचा हिरवा ऐवज. म्हणजे तिचा रंग तिच्या कातडीतला नाहीच, तो खाल्लेल्या कॉलर्पाचा आहे. सोंगाड्यानं ज्याचं सोंग घ्यायचं त्याचेच कपडे उसने आणून अंगावर चढवावेत, इतकं ते तंतोतंत. आकार मात्र तिचा स्वतःचा. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनं घडला आहे. घोसातल्या गोळ्या जितक्या गोल आणि जितक्या दाट, तितक्याच तिच्या पाठीवरच्या.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण मराठीत आपण सगळ्यालाच 'छद्मावरण' म्हणून मोकळे होतो. वाळूवर वाळूच्या रंगाचा मासा बसला, तर तो दिसतच नाही. आपली गोगलगाय तशी नाही. ती पुरती दिसते, पण भलतंच काही म्हणून दिसते. बघणाऱ्याला वाटतं, हे ते शेवाळ, कडू आणि विषारी, सोडून द्या. हा फरक नुसता शब्दांचा नाही, हे ब्रिटनमधल्या स्केलहॉर्न आणि सहकाऱ्यांनी 2010 साली कोंबडीच्या पिल्लांवर दाखवलं. काही पिल्लांना आधी खऱ्या काटक्या बघायला दिल्या, काहींना रंगीत दोरा गुंडाळून ओळख बदललेल्या काटक्या. मग सगळ्यांपुढे काटकीसारखी दिसणारी अळी ठेवली. ज्यांना खऱ्या काटक्यांचा अनुभव होता, त्यांनी अळीवर चोच मारायला जास्त वेळ लावला. अळी सगळ्यांना सारखीच दिसत होती. फरक होता तो पिल्लांच्या आठवणीत. असा वेष चालतो तो शिकाऱ्याच्या अनुभवावर, आणि म्हणून नक्कल केलेली वस्तू आसपास भरपूर असावी लागते. कॉलर्पा असतं तिथे गालिचासारखं असतं.

गाठ कशी सुटली

कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले पॅट्रिक क्रुग अनेक वर्षं सॅकोग्लोसांचे नातेसंबंध उलगडत आहेत. 2018 साली त्यांनी नूर लीना वाँग, एम. आर. मेदिना, टेरेन्स गॉसलाइनर आणि आंखेल वाल्देस यांच्याबरोबर 'झूलॉजिका स्क्रिप्टा' या नियतकालिकात या पाचूचा निकाल लावला. जनुकांचा क्रम बघितल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की ही गोगलगाय स्टिलिजर नाहीच. तिच्यासाठी नवी प्रजाती उभी करावी लागली, सॅकोप्रोटिअस. प्रोटिअस हा ग्रीक पुराणातला, हवं ते रूप घेणारा समुद्रदेव.

दुसरी गोष्ट जास्त मोठी होती. एका नावाच्या त्या नमुन्यांचे सरळ पाच गट पडत होते. बाबांची स्मॅरॅग्डिनस त्यातली एक. उरलेल्या चार जणींना नवी नावं मिळाली: सॅकोप्रोटिअस निशे, ब्राउनी, यीए आणि नाकोबी.

जनुकांमधला फरक दिसला म्हणून लगेच नवी जात जाहीर करायची नसते. एकाच जातीच्या दोन दूरच्या वस्त्यांमध्येही काही फरक पडलेला असतो. म्हणून मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक घटकांतल्या, जनुकांबरोबर केंद्रकातली जनुकं बघायची. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात आणि लवकर बदलतात. केंद्रकातला ऐवज आई-बाप दोघांचा आणि बदलायला सावकाश. दोन्ही साक्षी एकच गोष्ट सांगत असतील, तर या गटांत परस्पर संकर होत नाही असं मानायला जागा होते. मग प्राणी पुन्हा हातात घ्यायचा आणि आता कुठे बघायचं हे ठाऊक असताना बघायचं. दाताची धार, दाताचा बाक, जननेंद्रियाची घडण. सॅकोग्लोसा उभयलिंगी असतात आणि अनेकांमध्ये शिश्नाच्या टोकाला पोकळ सुई असते. ती जोडीदाराच्या कातडीत टोचून शुक्राणू आत सोडले जातात. सुई आहे का, असली तर सरळ की वाकडी, यावरून जाती ओळखता येतात. अंड्यांची पट्टीही बोलते: वेटोळं किती घट्ट, अंड्यांबाहेर पिवळट-केशरी बलकाचा धागा आहे की नाही.

या प्रकरणाचा गाभा माझ्या दृष्टीनं इथेच आहे. मासा जिथे बघतो, तिथे या जणी सारख्या आहेत. मासा जिथे बघत नाही, तिथे त्या वेगळ्या आहेत.

हे योगायोगानं झालेलं नाही. समजा दोन वस्त्या एकमेकींपासून तुटल्या. त्यांचे दात बदलतील, जननेंद्रियं बदलतील, अंडी बदलतील. शिकाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण एखादीच्या पाठीवरची गोळी चपटी झाली, किंवा तिच्यावर ठळक पांढरा पट्टा उमटला, तर ती घोसात उठून दिसेल आणि संपेल. बाहेरच्या रूपावर दर पिढीत पहारा आहे, आतल्या रचनेवर नाही. मग पाहुण्यासारखा वर्गीकरणाचा अभ्यासक येतो आणि सर्वांत आधी बघतो ते बाहेरचं रूप. म्हणजे प्राण्याचं जे अंग बदलण्याला सर्वांत कमी मोकळं आहे, त्याच्यावरूनच आपण जाती मोजत होतो. म्हणून वेषधारी प्राण्यांमध्ये लपलेल्या जाती जास्त सापडाव्यात, अशी अपेक्षा धरूनच कामाला लागायला हवं. 'दिसायला तीच आहे' हे वाक्य इथे पुराव्यात धरता येत नाही.

ज्याची नक्कल, तेही तसंच

नक्कल करणारीच नव्हे, तर जिची नक्कल केली ती वस्तूही अशीच निसटती आहे. कॉलर्पा रेसिमोसा हे नाव जगभर घोस येणाऱ्या कॉलर्पाला सर्रास लावलं जायचं. पण उजेड, लाटा आणि खोली बदलली की एकाच रोपाचे घोस लांबट होतात, विरळ होतात, चपट्या तबकड्यांसारखेही होतात. त्याउलट वेगवेगळ्या जाती हुबेहूब सारख्या दिसू शकतात. 2014 साली बेल्टन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे हा गुंता सोडवला. रेसिमोसाचा उपप्रकार समजलं जाणारं कॉलर्पा सिलिंड्रेशिया तेव्हा स्वतंत्र जात ठरलं. जुन्या नोंदींत 'कॉलर्पा रेसिमोसावर स्टिलिजर स्मॅरॅग्डिनस सापडली' असं लिहिलेलं असेल, तर त्या वाक्यातली दोन्ही नावं आज तपासून घ्यावी लागतात. मला हे फार अस्वस्थ करणारं वाटतं. नोंद करणाऱ्यानं काही चूक केलेली नसते, तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

एवढं मोजून काय मिळतं

हा प्रश्न मला घरातही विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तरासाठी क्रुग यांच्याच गटाचं 2013 सालचं काम बघावं. त्यांनी सॅकोग्लोसांमधली तीन दूरवर पसरलेली, सुप्रसिद्ध नावं निवडली आणि त्यांच्या पोटातून 20 संभाव्य जाती बाहेर काढल्या. ही तीन नावं मुद्दाम निवडलेली होती.

पहिलं एलिसिया ऑर्नाटा. हिच्या गोतातल्या गोगलगायींमध्ये काहालालाइड नावाची संयुगं सापडतात. त्यातलं काहालालाइड-एफ कर्करोगावरचं संभाव्य औषध म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं होतं. नंतर, 2019 साली, ते गोगलगाय बनवत नाही आणि ती खाते ते ब्रायॉप्सिस शेवाळही बनवत नाही, तर शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू बनवतो, असं दिसून आलं. एका औषधासाठी अशी तीन जीवांची साखळी तपासायची असताना, हातातली गोगलगाय नक्की कोणती हेच कळत नसेल, तर दुसऱ्या किनाऱ्यावर प्रयोग पुन्हा करायचा कसा? ऑर्नाटाच्या नावाखाली कॅरिबियनची एक जात आणि हिंद-पॅसिफिकमधल्या चार संभाव्य जाती निघाल्या.

दुसरं प्लाकोब्रँकस ऑसेलेटस, 1824 साली वान हॅसेल्ट यांनी जावाहून नोंदलेलं. शेवाळातली हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे हिरवे कण, पचवून न टाकता अंगात जिवंत ठेवणारी आणि उन्हात त्यांच्याकडून काम करून घेणारी ही गोगलगाय. तिच्यावर प्रकाशसंश्लेषणाचे प्रयोग कितीक दशकं चालले. एकच जात समजून चालले. निघाल्या 10. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नव्हते तेव्हा दोघींकडे वेगळेच प्राणी असण्याची शक्यता कुणाच्या हिशेबात नव्हती.

तिसरं एलिसिया टोमेंटोसा, तीही कॉलर्पा खाणारी. तिच्यात निघाल्या सहा. हिचं महत्त्व असं: 1984 साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसलं आणि बघता बघता भूमध्य समुद्राचा तळ त्यानं व्यापत नेला. 2000 साली ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उपटलं. तिथे त्याच्यावर ताडपत्र्या घालून आत क्लोरीन सोडावं लागलं आणि ते संपलं असं जाहीर करायला 2006 उजाडलं. अशा शेवाळावर ते खाणारी गोगलगाय सोडावी, असा विचार वारंवार पुढे आला. पण जी गोगलगाय आणायची तिच्या नावाखाली सहा जणी असतील, प्रत्येकीचे दात आणि आवडीचं शेवाळ निरनिराळं असेल, कुणाच्या अळ्या पाण्यात दूर वाहत जात असतील आणि कुणाच्या अंड्यातूनच रांगत बाहेर येत असतील, तर कुणाला सोडायचं? चुकीच्या जणीला सोडलं तर परत बोलावता येत नाही. जातींची नीट मोजणी ही इथे पहिली पायरी आहे, आणि ती वगळून कुणी पुढे जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

खडपातून

सॅकोप्रोटिअसचं प्रकरण जपान ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातलं. पण कॉलर्पा आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या खडपातही आहे आणि एलिसियाच्या गोतातल्या हिरव्या गोगलगायी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नोंदल्या गेल्या आहेत. दीपक आपटे आणि विशाल भावे यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे इथल्या समुद्री गोगलगायींवर पद्धतशीर काम केलं. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला हाजी अली, कार्टर रोडच्या खडकांवर फिरून फोटोंसह नोंदी ठेवतात.

अमावास्येच्या उधाणाची ओहोटी लागली, खडप उघडं पडलं की एखाद्या ओंजळभर पाण्याच्या डबक्याशी उकिडवं बसावं. माझा अनुभव असा की पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. मग शेवाळाच्या पात्यांमध्ये एक पातं जरा जाड वाटतं. त्याच्या एका टोकाला सुरळी केलेल्या पानासारख्या दोन शिंगुट्या, आणि त्यांच्या मागे, फिकट ठिपक्यांत, मोहरीहूनही बारीक दोन काळे बिंदू. शेवाळाला डोळे नसतात. तिथून पुढे ती हरवत नाही. मान वळवली, डबक्यात वाऱ्यानं सुरकुत्या आल्या, तरी नजर बरोबर परत तिच्यावर जाते.

अशी दिसली तर नुसत्या गोगलगायीचा फोटो पुरत नाही. ती ज्यावर बसली आहे त्या शेवाळाचा जवळून एक वेगळा फोटो, आसपास अंड्यांची पट्टी असेल तर तिचा एक, आणि शिंगुट्या, डोळे, पाठ नीट दिसतील असे वरून आणि बाजूने दोन. हात लावायचा नाही, उचलून न्यायची नाही. आणि नाव लिहिताना घाई करायची नाही. 2021 साली जपानमध्ये सायाका मितो आणि योइची युसा यांनी दाखवलं की एक एलिसिया स्वतःचं डोकं धडापासून सोडवून घेते, ते नुसतं डोकं काही तासांत शेवाळ खायला लागतं आणि तीनेक आठवड्यांत हृदयासकट नवं धड उगवून घेतं. जगभर गाजलेल्या त्या लेखातही मुख्य प्राण्याचं नाव 'एलिसिया सीएफ. मार्जिनाटा' असं छापलं आहे. सीएफ. म्हणजे मार्जिनाटाशी ताडून बघा.